उंच आकाशांतील ज्वालामुखीचें धुकें आणि कोरडवाहू शेतकरी

सन २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यांतील गोष्ट. कपाशीची वेचणी चालू होती, तुरी फुलोऱ्यांतून शेंगांवर येत होत्या, आणि हरभरा नुकताच तासांत दिसूं लागला होता. अशा वेळीं ता. २३ रोजीं आफ्रिकेंतील इथिओपिया देशांत हायली गुब्बी नांवाचा ज्वालामुखी फुटला व त्याची राख तांबडा समुद्र आणि अरबी समुद्र ओलांडून दुसरे दिवशीं आपल्या देशावर आली. विमानांचीं कित्येक उड्डाणें रद्द झालीं, वर्तमानपत्रांनीं मोठाले मथळे दिले, आणि दोन दिवस प्रस्तुत लेखकास भेटेल तो शेतकरी बंधु एकच प्रश्न विचारीत होता : "ही राख आमच्या पिकांवर पडेल काय?" राख पडली नाहीं. विमानें उडतात त्या उंचीवरून ती वाऱ्याबरोबर चीनकडे निघून गेली, आणि तिसरे दिवशीं लोक ती गोष्ट विसरलेहि.

प्रश्न चुकीचा नव्हता. परंतु तो अपुरा होता. राख ही दिसणारी वस्तु आहे. ती पडते, हातास लागते, व पहिल्या सरीबरोबर धुऊन जाते. ज्वालामुखीची जी देणगी डोळ्यांस दिसत नाहीं, पिकावर पडत नाहीं, आणि तरीहि दोन दोन वर्षें आपल्या डोक्यावर राहते, तिच्याविषयीं मात्र कोणीच विचारलें नाहीं. आमच्या मतें कोरडवाहू शेतकऱ्यानें विचारण्याजोगा प्रश्न हा दुसरा आहे. त्या उंच आकाशावर पहारा कोण करितो, तो अखंड चालतो कीं नाहीं, आणि त्या पहाऱ्याचें फळ आपल्या बांधापर्यंत कां पोंचत नाहीं, ह्याचा विचार सभासद बंधूंपुढें मांडावा एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

बुलढाणा जिल्ह्यांतील मनुष्यास ज्वालामुखी हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. आपण जी काळी कसदार माती नांगरतों ती सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनवर थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याच्या खडकाचीच झीज आहे. घाटावरील चिखली-मेहकरची जमीन काय, कीं घाटाखालील पूर्णेच्या खोऱ्यांतील गाळ काय, दोन्हींचें मूळ त्या एकाच अग्नींत आहे. उलट जें लोणारचें सरोवर पुष्कळ काळपर्यंत विद्वान लोकहि ज्वालामुखीचें मुख समजत होते, तें मात्र ज्वालामुखीचें नव्हे, असें १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें ठरलें. तेथील खडकांत प्रचंड आघातानेंच बनणारी कांच सांपडली, आणि आकाशांतून आलेल्या उल्केनें तो पावणेदोन किलोमीटरांहून रुंद खड्डा पाडला हें सिद्ध झालें. ज्यास आग समजत होते तो आघात निघाला, आणि जिला नुसती माती समजतों ती आग निघाली. नजरेचा अंदाज व मोजमापाचा निर्णय ह्यांत किती अंतर असतें ह्याचें उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या उशाशींच आहे.

आतां मूळ विषयाकडे वळूं. ज्वालामुखी फुटला म्हणजे दोन पदार्थ वर जातात. एक राख, व दुसरा गंधकाचा वायु. राख जड असते. ती कांहीं दिवसांत, फार तर कांहीं आठवड्यांत खालीं बसते. गंधकवायूची गोष्ट निराळी आहे. आपले ढग, पाऊस, वादळें हीं सर्व हवेच्या खालच्या थरांत घडतात. आपल्या अक्षांशांत हा थर सुमारें १६ ते १८ किलोमीटरपर्यंत असतो. त्याच्या वर जो शांत, कोरडा व ढगविरहित थर आहे त्यास स्थितांबर म्हणतात. साध्या उद्रेकाचा वायु खालच्या थरांतच राहतो व पाऊस त्यास धुऊन काढितो. परंतु उद्रेक फार जोराचा असला तर तो वायु स्थितांबरांत शिरतो. तेथें धुणारा पाऊस नाहीं. कांहीं आठवड्यांत त्या वायूचें गंधकाम्लाच्या अतिसूक्ष्म थेंबांत रूपांतर होतें. हे थेंब इतके लहान असतात कीं बहुतेकांचा व्यास एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनहि कमी भरतो. त्यांचें विरळ धुकें सर्व पृथ्वीभोंवतीं पसरतें, सूर्यकिरणांचा कांहीं भाग परत अवकाशांत उडवितें, व जमीन थोडी थंड करितें. हें धुकें पूर्णपणें निवळण्यास दोन-तीन वर्षें लागतात.

ह्याचीं उदाहरणें इतिहासांत आहेत. १८८३ च्या ऑगस्टमध्यें जावा-सुमात्रांमधील क्राकाटोआ फुटला, तेव्हां सप्टेंबर महिन्यांत सिलोनांत व मद्रास इलाख्यांत लोकांनीं हिरवा-निळा सूर्य पाहिला, आणि पुढें कित्येक महिने जगभर सायंकाळचें आकाश रक्तासारखें लाल दिसत होतें. त्या वेळीं लोकांजवळ डोळ्यांवांचून दुसरें साधन नव्हतें. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८८८ सालीं जो मोठा अहवाल छापला तो बव्हंशीं अशा पाहणाऱ्यांच्या पत्रांवर आधारलेला आहे. ह्याच्या उलट ता. १५ जून १९९१ रोजीं फिलिपाइन्समधील पिनाटुबो फुटला, तेव्हां दीड ते दोन कोटी टन गंधकवायु वर गेला, सुमारें तीन आठवड्यांत त्याचा पट्टा पृथ्वीस वेढा घालून आला, व पुढल्या वर्षीं जगाचें सरासरी तपमान सुमारें अर्धा अंश सेंटिग्रेडनें उतरलें. आणि ह्या वेळीं प्रत्येक पायरी यंत्रांनीं मोजली गेली. शंभर वर्षांत फरक पडला तो ज्वालामुखींत नव्हे, पहारेकऱ्यांत पडला.

ह्या पहाऱ्याचें मुख्य हत्यार म्हणजे लेझर-प्रकाशाचें रडार. त्यास शास्त्रज्ञ लायडर म्हणतात. त्याची युक्ति समजण्यास कठीण नाहीं. विहिरींत दगड टाकून आवाज किती वेळानें आला ह्यावरून खोलीचा अंदाज आपण करितों; तीच ही युक्ति आहे, फक्त दगडाच्या जागीं प्रकाशाचा झोत असतो. रात्रीं यंत्रांतून लेझरचा एक अत्यंत अल्पकाळ टिकणारा झोत सरळ वर सोडितात. वाटेंत जेथें जेथें कण असतील तेथून त्याचा कणभर उजेड मागें फिरतो व दुर्बिणींत येतो. प्रकाश एका सेकंदांत तीन लक्ष किलोमीटर धांवतो. म्हणून २० किलोमीटर उंचीवरून परत आलेल्या उजेडास जाऊन येऊन सेकंदाचा सुमारें साडेसात-हजारावा भाग लागतो. किती वेळानें उजेड आला ह्यावरून उंची कळते, व स्वच्छ हवेपेक्षां किती अधिक आला ह्यावरून धुक्याची दाटी कळते. इतकेंच नव्हे, तर थेंब वाटोळा असला तर परतणाऱ्या प्रकाशलहरींची दिशा जशीच्या तशी राहते, आणि कण राखेसारखा वेडावांकडा असला तर ती बिघडते. त्यामुळें आम्लाचा थेंब कोणता व राखेचा खडा कोणता हेंहि खालीं बसून सांगतां येतें.

पहिला लेझर १९६० सालीं तयार झाला. पुढें तीनच वर्षांनीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत जॉर्जिओ फिओको ह्यांनीं तो आकाशाकडे लाविला, व १९६४ सालीं ग्राम्स ह्यांच्यासह त्या उंच थराचीं मापें प्रसिद्ध केलीं. १९६३ सालीं बाली बेटांतील आगुंग ज्वालामुखी फुटून गेला होता, त्यामुळें पाहण्यास वर धुकेंहि तयार होतें. पुढें हवाई बेटांतील मौना लोआ व अमेरिकेंतील लँग्ले येथें १९७४ पासून आणि जर्मनींतील गार्मिश येथें १९७६ पासून ह्या नोंदींची परंपरा सुरू झाली. एका पिढीनें आरंभिलेलें काम दुसऱ्या पिढीनें चालवावें अशा प्रकारचीं हीं कामें आहेत. पट्टीच्या शेतकऱ्यास ह्याचें नवल वाटूं नये. आंब्याचें झाड लावणारा व फळ खाणारा नेहमीं एकच असतो असें नाहीं.

आपल्या देशानें ह्यांत कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं पिनाटुबोचें धुकें आपल्या आकाशांतून कसें हळूहळू ओसरलें ह्याचीं लेझरनें मापें घेतलीं व तीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलीं. तिरुपतीजवळील गादंकी येथें जपानच्या सहकार्यानें १९९८ पासून लेझरचें यंत्र चालूं झालें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत १९८६ पासून आर्गन-लेझरनें हवेंतील कणांचीं निरीक्षणें होऊं लागलीं; तीं मुख्यत्वें खालच्या थरांतील होतीं. त्याच संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं संधिप्रकाश मोजण्याच्या साध्या यंत्रानेंहि वरच्या धुक्याचा ठाव घेतला. सूर्य क्षितिजाखालीं जात असतां पृथ्वीची सांवली जसजशी वर चढते, तसतसा आकाशाच्या उंच उंच थरांचाच उजेड उरतो. तो क्रमाक्रमानें मोजिला म्हणजे कोणत्या उंचीवर धूळ आहे हें समजतें. काम करणारीं माणसें व बुद्धि आपणाजवळ आहे ह्याबद्दल शंका नाहीं. आमची शंका सातत्याविषयीं आहे.

कारण ह्या कामाचा स्वभावच असा आहे कीं तें बहुतेक वर्षीं निरुपयोगी दिसतें. मोठा उद्रेक पांच-पंचवीस वर्षांतून एकदां होतो. मधल्या वर्षांत रोज रात्रीं यंत्र लावावें, आणि "आज विशेष कांहीं नाहीं" एवढेंच वहींत लिहावें. असें दहा वर्षें झालें म्हणजे हिशेब तपासणारा अधिकारी साहजिकच विचारतो, कीं ह्या खर्चाचें फळ काय? यंत्र जुनें होतें, सुटा भाग मिळत नाहीं, माणूस सेवानिवृत्त होतो, त्याची जागा भरली जात नाहीं, आणि नोंद खंडित होते. नंतर एखादा ज्वालामुखी फुटला म्हणजे धांवपळ सुरू होते. आग लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार आहे.

ह्या आक्षेपास उत्तर आपल्या बाजारांतच आहे. खामगांवच्या बाजारांत ज्यानें माल नेला आहे त्यास बारदान म्हणजे काय हें सांगणें नको. भरलेल्या पोत्याचें वजन केलें, परंतु रिकाम्या पोत्याचें वजन ठाऊक नसलें, तर आंत माल किती हें कोणीहि छातीठोकपणें सांगूं शकणार नाहीं. शांत वर्षांतील नोंद ही उंच आकाशाचें बारदान आहे. उद्रेकापूर्वीं वर किती धुकें होतें हें माहीत नसेल तर उद्रेकानें किती घातलें हें कळावें कसें? आणि हें बारदान स्थिरहि नसतें. २००० सालानंतर पिनाटुबोएवढा उद्रेक झाला नाहीं, तरी २००८ सालीं कासातोची, २००९ सालीं सारिचेव्ह, २०११ सालीं आफ्रिकेंतील नाब्रो अशा मध्यम ज्वालामुखींनीं वर भर घातलीच. २०२२ च्या जानेवारींत टोंगा बेटांजवळील समुद्राखालच्या हुंगा ज्वालामुखीनें तर गंधकापेक्षां पाण्याची वाफच अधिक, सुमारें पंधरा कोटी टन, त्या कोरड्या थरांत घातली. शिवाय पावसाळ्यांत आपल्याच देशावर १३ ते १८ किलोमीटर उंचीवर कणांचा एक थर जमतो, हें २०११ सालीं उपग्रहावरील लेझरच्या आधारें दाखविण्यांत आलें. मान्सूनचे उंच ढग खालचा धूर व वायु वर उचलून नेतात व त्यांतून तो थर बनतो. म्हणजे वर सांपडलेला प्रत्येक कण ज्वालामुखीचाच असतो असेंहि नाहीं. हा हिशेब उलगडण्यास एक-दोन वर्षांची मोजणी पुरत नाहीं.

सातत्याचें मोल किती असतें ह्याचें आणखी एक उदाहरण आपल्या देशाच्याच इतिहासांत आहे. सर गिल्बर्ट वॉकर हे १९०४ पासून १९२४ पर्यंत आपल्या हवामान खात्याचे प्रमुख होते. मान्सून कां चुकतो हें शोधण्यासाठीं त्यांनीं जगांतील नाना ठिकाणच्या वायुभाराच्या जुन्या नोंदी एकत्र केल्या व त्यांतून पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील वायुभाराचा तो मोठा झोका हुडकून काढिला. एल निनोचा व आपल्या पावसाचा संबंध आज जो सर्वमान्य आहे त्याचा पाया तेथें घातला गेला. ज्या हजारों अज्ञात कारकुनांनीं रोज सकाळीं पारा पाहून आंकडा लिहिला, त्यांस आपण काय करीत आहों ह्याची कल्पना नव्हती. परंतु त्यांनीं खाडा केला असता तर वॉकरसाहेबांचें गणित बसलें नसतें.

आतां शेतकऱ्याचा रोकडा प्रश्न : ह्या धुक्याचा आपल्या पावसाशीं संबंध काय? येथें आम्ही सत्यास सोडून कांहीं सांगूं इच्छीत नाहीं. मान्सून हा तापलेली जमीन व त्या मानानें थंड समुद्र ह्यांच्या फरकावर चालतो. वरच्या धुक्यानें ऊन अडलें म्हणजे समुद्रापेक्षां जमीन लवकर थंड होते, तो फरक कमी होतो, समुद्राची वाफहि थोडी घटते, व म्हणून मोठ्या उद्रेकानंतर मान्सूनच्या देशांत पाऊस कमी होण्याकडे कल असतो. पिनाटुबोनंतर १९९२ सालीं पृथ्वीच्या जमिनीवरील एकंदर पाऊस घटलेला आढळला. आपल्या देशांत १९९१ व १९९२ ह्या दोन्ही वर्षीं मान्सून सरासरीपेक्षां कमी होता. परंतु त्याच सुमारास एल निनोहि चालू होता. तेव्हां सर्व दोष ज्वालामुखीच्या माथीं मारणें बरोबर नाहीं. १९८२ सालीं मेक्सिकोंतील एल चिचोन फुटला व त्या वर्षीं आपला पाऊस तुटला, पण त्या वर्षींचा एल निनो शतकांतील अति जबर एल निनोंपैकीं होता. उलट १९६३ च्या आगुंगनंतर १९६४ सालीं देशाचा पाऊस चांगला झाला. आणि ज्या १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाडांत हाहाकार उडविला, किंवा १९७२ च्या ज्या दुष्काळाच्या आठवणी आपल्या घरांतील वडील माणसें आजहि सांगतात, त्यांच्या मागें कोणताहि मोठा ज्वालामुखी उभा नव्हता. म्हणून ज्वालामुखी फुटला कीं दुष्काळ ठरलेला, असें जो सांगेल त्याजवर विश्वास ठेवूं नये. तो जुगाराचा एक फांसा आहे, सर्व डाव नव्हे. मात्र ज्याचें सर्वस्व त्या डावावर लागलेलें आहे त्यानें प्रत्येक फांसा पाहून ठेवणें हेंच शहाणपण होय.

पावसाखेरीज उन्हाचाहि प्रश्न आहे. धुक्यामुळें थेट ऊन घटतें व पसरलेला उजेड वाढतो. पसरलेला उजेड पानांच्या आडोशांतहि शिरतो, त्यामुळें कित्येक वनस्पतींचा फायदा होतो, अशी समजूत होती. परंतु २०१८ सालीं 'नेचर' ह्या नियतकालिकांत प्रॉक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एल चिचोन व पिनाटुबो ह्या दोन उद्रेकांनंतरच्या जगभरच्या उत्पन्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत उन्हाच्या ह्या घटीनें मका, सोयाबीन, भात व गहूं ह्या चारहि पिकांचें उत्पन्न घटल्याचें, व त्यांतहि मक्याचें अधिक घटल्याचें दिसून आलें. थंडाव्यानें जो लाभ व्हावयाचा तो उन्हाच्या तुटीनें खाऊन टाकला. मका व सोयाबीन हीं नांवें वाचून आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यानें कान टवकारावे हें योग्यच आहे.

कोणी म्हणेल कीं, आतां उपग्रह आहेत. जमिनीवरील यंत्रांची गरज काय? उपग्रहांची योग्यता आम्हांस मान्य आहे. परंतु उपग्रहासहि आयुष्य असतें. लेझर घेऊन पृथ्वीभोंवतीं फिरणारा कॅलिप्सो नांवाचा उपग्रह २००६ सालीं सुटला व २०२३ सालीं त्याचें काम संपलें. त्यानंतर युरोप व जपान ह्यांचा अर्थकेअर उपग्रह २०२४ च्या मे महिन्यांत सुटला. मधल्या खंडांत एखादा पिनाटुबो फुटला असता तर? शिवाय जुन्या व नव्या उपग्रहाचें माप एकमेकांशीं जुळतें कीं नाहीं हें पाहण्यास खालीं कायमची वजनकांट्याची जागा लागतेच. आणि एकाच वजनकांट्यावर सर्व जगानें विसंबूं नये ह्याचेंहि उदाहरण घडलें आहे. २०२२ च्या नोव्हेंबरांत मौना लोआ ज्वालामुखी स्वतःच जागा झाला, त्याच्या लाव्ह्यानें वेधशाळेचा रस्ता व वीज तोडली, आणि तेथील निरीक्षणें थांबलीं. पहारेकऱ्याच्या घरासच आग लागली! जगांत अशा वेधशाळा दूरदूर विखुरलेल्या असाव्यात, व त्यांतील कांहीं मान्सूनच्या देशांतहि असाव्यात, ह्याहून अधिक स्पष्ट कारण काय पाहिजे?

ह्या विषयास अलीकडे एक नवें व गंभीर अंग फुटलें आहे. पृथ्वी तापत चालली आहे हें सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां ज्वालामुखी जें करितो तेंच माणसानें मुद्दाम करावें, म्हणजे विमानांनीं वा फुग्यांनीं स्थितांबरांत गंधक पसरून ऊन अडवावें, असा एक विचार शास्त्रज्ञांत चालला आहे. नोबेल पारितोषिक मिळविणारे पॉल क्रुट्झेन ह्यांनीं २००६ सालीं ह्यावर संशोधन व्हावें असें लिहिलें, तेव्हांपासून त्याची चर्चा वाढली. २०२२ सालीं एका परदेशी खाजगी कंपनीनें मेक्सिकोंत गंधकवायूचे फुगे कोणाची परवानगी न घेतां सोडले, व २०२३ च्या जानेवारींत मेक्सिको सरकारनें अशा प्रयोगांस बंदी जाहीर केली. ह्या उपायाच्या बऱ्यावाईटाचा निकाल लावण्यास आम्ही अधिकारी नाहीं. एवढें मात्र शास्त्रज्ञच सांगतात, कीं असें धुकें एकाच गोलार्धांत पसरलें तर उष्ण कटिबंधाचा पावसाचा पट्टा दुसऱ्या गोलार्धाकडे सरकतो. म्हणजे एका देशाचा उन्हाळा सुसह्य करण्यासाठीं दुसऱ्या देशाचा मृग कोरडा जाण्याचा संभव आहे. शेजाऱ्यानें नाल्यावर बांध घातला तर आपण तलाठ्याकडे जातों. कोणी आकाशांतच बांध घातला तर कोणाकडे जावयाचें? आणि तो घातला आहे हें सिद्ध कशानें करावयाचें? आपल्या मापाची, आपल्या वहीची, वर्षानुवर्षांची अखंड नोंद असेल तरच आपल्या देशास तेथें बोलण्यास तोंड राहील. ज्याचा सातबाराच नाहीं त्याचा वाद कोण ऐकणार?

म्हणून आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. पहिलें, देशांतील लेझर-निरीक्षणें ही कोणा एका शास्त्रज्ञाच्या प्रबंधाची बाब न समजतां पर्जन्यमापनाप्रमाणें कायमचें सरकारी कर्तव्य समजावें, व शांत वर्षांत त्यांचा खर्च तोडूं नये. दुसरें, अशी एक कायम वेधशाळा मध्य भारताच्या काळ्या जमिनीच्या कोरडवाहू पट्ट्यांत असावी. पुण्याच्या संस्थेनें मध्यप्रदेशांत सिहोर जिल्ह्यांतील सिलखेडा येथें वातावरण-संशोधनाचें केंद्र उभारलेंच आहे. उंच थराची अखंड नोंद हें अशा केंद्राचें नित्यकर्म व्हावें. पावसाळ्यांत ढगांमुळें लेझरचा झोत वर पोंचत नाहीं हें खरें. परंतु कार्तिकापासून वैशाखापर्यंत आपलें आकाश बहुधा निरभ्र असतें, आणि शेतकऱ्यास जें हवें तें पेरणीपूर्वींच हवें असतें. तिसरें, भारतीय हवामान खातें एप्रिलांत व मेअखेर पावसाचा जो अंदाज देतें, त्यासोबत वरच्या धुक्याची स्थिति "नेहमीसारखी" किंवा "वाढलेली" एवढ्या एका ओळींत तरी सांगावी, व अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें तिचा अर्थ शुद्ध मराठींत आपणांस समजावून द्यावा.

ती ओळ वाचून शेतकरी काय करणार, असें कोणी हंसून विचारील. करील पुष्कळ. धुकें वाढलें आहे आणि एल निनोहि आहे असें कळलें, तर तो सर्व रान एका पिकाखालीं घालणार नाहीं. सोयाबीनमध्यें तुरीचें तास धरील, लवकर येणारें वाण निवडील, कडबा विकण्याऐवजीं गंजींत ठेवील, आणि नवें कर्ज काढून मोठा खर्च करण्याचें एक वर्ष लांबवील. ह्यांतील एकहि गोष्ट नुकसानीची नाहीं. अंदाज चुकला तरी पदरचें फार जात नाहीं, आणि खरा ठरला तर घर वांचतें.

आपल्या जिल्ह्यांतील भेंडवळच्या घटमांडणीस अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे किती दूरदूरचे शेतकरी जमतात हें सर्वांस माहीत आहे. त्या परंपरेची थट्टा करण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. पाऊस-पाण्याविषयीं आगाऊ ऐकण्याची तळमळ आपल्या लोकांत किती खोल आहे, ह्याची ती साक्ष आहे. आमची विनंति इतकीच कीं ज्या आस्थेनें आपण तें ऐकावयास जातों, त्याच आस्थेनें मोजलेल्या आकाशाची हकीकत मागावी. मागितल्यावांचून ती मिळणार नाहीं. जें कोणी विचारीत नाहीं तें कोणी सांगत नाहीं, आणि जें कोणी सांगत नाहीं त्याचा खर्च पहिल्यानें कापला जातो.

आणि कांहीं भाग आपल्याहि हातचा आहे. प्रत्येक गांवांत एका तरी सभासदानें पर्जन्यमापक ठेवून रोजचा पाऊस लिहावा, व त्याच वहींत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानें पश्चिमेचा रंग एका शब्दांत टिपावा. त्यास पैसा लागत नाहीं. क्राकाटोआचा इतिहास अशाच साध्या पाहणाऱ्यांच्या लेखणींतून वांचला. प्रस्तुत लेखकानें स्वतः अशी वही दोनदां आरंभिली व दोनदां सोडून दिली, हें येथें लाजेनें कबूल करणें प्राप्त आहे. पहिल्या खेपेस सात महिने झाले, दुसऱ्या खेपेस त्याहून कमी. कारण विचाराल तर "विशेष कांहीं घडत नव्हतें" हेंच. ज्या आळसाचा दोष वर सरकारी हिशेबनिसास दिला तोच आपल्या अंगांतहि आहे. ह्या वर्षप्रतिपदेपासून तिसऱ्यांदां वही उघडण्याचा निश्चय केला आहे. सभासदांपैकीं ज्यांची इच्छा असेल त्यांनींहि उघडावी, व वर्षाअखेर सर्व वह्या मंडळाच्या सभेंत एकमेकांशीं ताडून पाहाव्यात. आमच्या तिसऱ्या वहीचीं पानें कोरीं राहिलीं तर त्याच सभेंत आम्हांस जाब विचारण्याचा अधिकार सर्वांस राहील.

— एक कोरडवाहू सभासद